प्रेप डे स्कूल: अमेरिकेतली ही शाळा कशी घडली आणि कशी चालते

१८८५ साली बाल्टिमोरमध्ये मुलींसाठी ब्रिन मॉर स्कूल नावाची शाळा निघाली. तिचा एक नियम पालकांना चक्रावून टाकणारा होता. मुलगी सगळी वर्षं नेमाने आली, शाळेचे सगळे विषय पास झाली, तरी तेवढ्यावर तिला शाळेचा डिप्लोमा मिळत नसे. त्यासाठी तिने पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर कॉलेजची प्रवेश परीक्षा पास व्हायची. पुढे त्या कॉलेजात जायचं असो वा नसो, अगदी लग्न होऊन संसाराला लागायचं असो, परीक्षा चुकत नव्हती.

अमेरिकेत ज्यांना प्रेप (प्रिपरेटरी, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या) स्कूल म्हणतात, त्या शाळांचं मर्म या नियमात आहे. शाळेत काय शिकवायचं, हे पुढचं कॉलेज ठरवत आलंय. न्यू जर्सी, मेरीलँड, बे एरियातल्या मराठी घरांत मूल पाचवी-सहावीत गेलं की या शाळांचा विषय निघतो, आणि गाडी बहुतेक वेळा फीच्या आकड्यावर अडते. पण ही शाळा म्हणजे नुसती महागडी खासगी शाळा नाही. तिला मालक नसतो. ती सरकार चालवत नाही, बहुधा चर्चही नाही. विश्वस्त मंडळ तिचा कारभार पाहतं, मुलं संध्याकाळी घरी जातात आणि अभ्यासक्रम कॉलेजकडे तोंड करून आखलेला असतो. यातली एकेक गोष्ट वेगळ्या काळात आणि वेगळ्या गरजेतून आली.

आधी कॉलेज, मग शाळा

हार्वर्ड १६३६ मध्ये निघालं. १६४० च्या दशकातल्या त्याच्या नियमांत प्रवेशाची अट स्वच्छ लिहिली आहे: सिसेरोसारखा लॅटिन लेखक समोर ठेवला की तिथल्या तिथे वाचून कळला पाहिजे, लॅटिनमध्ये गद्यपद्य रचता आणि बोलता आलं पाहिजे, ग्रीक नामं आणि क्रियापदं चालवता आली पाहिजेत. गणिताचं नाव नाही, इतिहासाचं नाही, मातृभाषा इंग्रजीचंही नाही. साहजिकच मुलांना कॉलेजात पाठवू पाहणाऱ्या शाळा लॅटिन शिकवू लागल्या आणि बाकीचं बरंचसं सोडून देऊ लागल्या. १६४७ च्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर आणि शंभर घरांच्या गावाला विद्यापीठाची तयारी करून घेणारी ग्रामर स्कूल सक्तीची केली. न केल्यास पाच पौंड दंड, आणि तो शेजारच्या शाळेला द्यायचा! लॅटिन जाणणाऱ्या मास्तराच्या पगारापेक्षा दंड स्वस्त पडतो, हा हिशेब काही गावांनी लगेच केला.

या काळातल्या दोन शाळा अजून चालू आहेत आणि त्यांच्यातला फरक पाहण्यासारखा आहे. बोस्टन लॅटिन स्कूल १६३५ ची. ती शहराची, म्हणजे सरकारी शाळा आहे. रॉक्सबरी लॅटिन स्कूल १६४५ ची, जॉन एलियट या धर्मोपदेशकाने उभी केलेली. टॉमस बेल नावाच्या गृहस्थाने आपली रॉक्सबरीतली मालमत्ता मृत्युपत्राने शाळामास्तराच्या चरितार्थासाठी ठेवली. जमिनीचं उत्पन्न येत राहिलं, शाळा चालत राहिली आणि कारभार विश्वस्तांकडे राहिला. आज इंडिपेंडंट स्कूल म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्याचा पाया असा स्वतःच्या निधीवर आणि स्वतःच्या विश्वस्तांवर घातलेला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस निवासी अकॅडम्या आल्या: अँडोव्हर १७७८, एक्सेटर १७८१. एकोणिसाव्या शतकात सरकारी हायस्कूलं वाढली. पण तिथल्या बहुतेक मुलांना दुकानात, कचेरीत, कारखान्यात जायचं होतं. त्यांना ग्रीक शिकवून करायचं काय? म्हणून कॉलेजची तयारी हा वेगळ्या शाळांचा प्रांत होत गेला.

बाल्टिमोरच्या पाचजणी

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झालं. त्याच शहरात मार्था केरी टॉमस, मेरी गॅरेट, मेमी ग्विन, ज्युलिया रॉजर्स आणि बेसी किंग या पाच मैत्रिणी होत्या. त्यांतल्या चौघींचे वडील याच विद्यापीठाचे विश्वस्त होते. पण विद्यापीठ मुलींना प्रवेश देत नव्हतं. पदवीच्या वर्गांत मुली आल्या त्या थेट १९७० मध्ये. टॉमसला कसाबसा शिरकाव मिळाला तो वर्गात न बसण्याच्या अटीवर. ती कंटाळून युरोपात गेली आणि १८८२ मध्ये झ्युरिकहून डॉक्टरेट घेऊन आली. १८८५ मध्ये ब्रिन मॉर कॉलेज निघालं तेव्हा ती त्याची डीन झाली.

आता अडचण उलटी होती. मुलींना पुरुषांच्या तोडीचं शिक्षण देणारं कॉलेज तर उघडलं, पण त्याच्या प्रवेश परीक्षेइतकं लॅटिन आणि गणित मुलींना शिकवणार कोण? तेव्हाच्या बऱ्याच खासगी कन्याशाळा फ्रेंच संभाषण, चित्रकला, पियानो आणि चारचौघांत कसं वागावं एवढं शिकवून मोकळ्या होत. म्हणून या पाचजणींनी शाळाच काढली आणि सुरुवातीला सांगितलेला नियम घातला. (आपल्याकडे पुण्यात हुजूरपागेची शाळा याच्या एक वर्ष आधी, १८८४ मध्ये सुरू झाली.) रेल्वेसम्राटाची मुलगी असलेल्या मेरी गॅरेटच्या पैशातून १८९० मध्ये कथीड्रल स्ट्रीटवर नवी इमारत उभी राहिली, आणि तीत मुलींसाठी सुसज्ज व्यायामशाळा होती. जास्त अभ्यासाने मुलींची तब्येत ढासळते, असं डॉक्टर गंभीरपणे लिहीत असण्याचा तो काळ. त्याला हे उत्तर होतं.

१८९६ ते १९२२ एडिथ हॅमिल्टन या शाळेच्या प्रमुख होत्या. ग्रीक संस्कृतीवरच्या लेखनामुळे त्यांचं नाव पुढे जगभर झालं. नियमाची किंमत मात्र शाळेला मोजावी लागत होती. परीक्षेत अडकलेली मुलगी इतकी वर्षं शिकून डिप्लोम्याविना बाहेर पडे. ज्यांना कॉलेज नकोच होतं, त्या घरांना हा सगळा खटाटोप जाचक वाटे. तरीही माझ्या मते तो नियम त्या काळी योग्य होता. मुलींच्या शाळेचा दर्जा शाळेने स्वतः सांगून कोणी मानला नसता. बाहेरची परीक्षा लागत होती. याच टॉमसबाईंची कृष्णवर्णीय आणि ज्यू लोकांबद्दलची मतं मात्र हीन होती आणि ती नोंदलेली आहेत. मुलींसाठी उघडलेलं दार सगळ्या मुलींसाठी नव्हतं.

दिवसभर शाळा, रात्री घर

याच शहरात अॅन गॅलब्रेथ केरी या बाईंना मुलासाठी शाळा हवी होती. चांगली तयारी करून घेणाऱ्या नावाजलेल्या शाळा निवासी आणि दूर. शहरातल्या शाळांना मैदान नाही. मुलगा मोकळ्या हवेत दिवसभर शिकावा, खेळावा आणि रात्री आपल्या घरी जेवावा, एवढीच त्यांची अपेक्षा. हॉपकिन्सचे पहिले अध्यक्ष डॅनिएल कॉइट गिलमन यांनी कल्पना उचलून धरली आणि १८९७ मध्ये 'कंट्री स्कूल फॉर बॉइज' सुरू झाली, तीही होमवुड या जुन्या कॅरल घराण्याच्या वाड्यात. अमेरिकेतली ही पहिली कंट्री डे स्कूल मानली जाते. फ्रेडरिक विन्सर पहिले हेडमास्तर. होमवुडची जागा पुढे हॉपकिन्सकडे गेली, आणि १९१० मध्ये शाळा रोलंड पार्क या उपनगरात हलली. नावही गिलमन यांच्यावरून पडलं.

उपनगरच का? अशा शाळेला फुटबॉल, बेसबॉलची मैदानं लागतात, म्हणजे अनेक एकर जमीन. ती भरवस्तीत मिळत नाही. आणि मुलं रोज येऊन-जाऊन करणार, म्हणजे ट्रामचा मार्ग जवळ हवा. १८९० च्या दशकात विजेच्या ट्रामने या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा जुळवून आणल्या. पालक मंडळीही तिकडेच राहायला जात होती. पण रोलंड पार्क वसवणाऱ्या कंपनीने शेजारच्या गिलफर्ड वसाहतीच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर न देण्याची अट लिहून घातली होती, हेही त्याच नकाशाचा भाग आहे.

या शाळांचं वेळापत्रक आजही ओळखू येतं: सकाळपासून दुपारपर्यंत तास, मध्ये शाळेतच गरम जेवण, दुपारी सक्तीचा खेळ, थोडा वेळ शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास, आणि पाच-सहाला घर. फी जास्त का, याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. मैदान राखायचं, स्वयंपाकघर चालवायचं आणि गणिताच्या शिक्षकाने चारला शिटी गळ्यात अडकवून संघ खेळवायचा. फीत हे सगळं धरलेलं असतं. कॅन्सस सिटीत १९१० मध्ये, सेंट लुईसमध्ये १९१७ मध्ये याच धर्तीच्या शाळा निघाल्या आणि 'कंट्री डे' हा शब्द शाळांच्या नावांत रुळला.

परीक्षा बदलली की शाळा बदलते

१९०० च्या आधी प्रत्येक कॉलेजची परीक्षा वेगळी होती. एकाच वर्गातले तिघे हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनला जाणार असतील, तर तिघांना लॅटिनची वेगवेगळी पुस्तकं नेमलेली असू शकत. शिक्षकाने शिकवायचं काय? १८९२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहाजणांची समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी तिने सांगितलं, की हायस्कूलचे विषय सगळ्यांना सारख्याच पद्धतीने शिकवा, मुलगा कॉलेजात जाणार असो वा नसो. मग कॉलेजांनी एकत्र येऊन प्रवेश परीक्षा मंडळ काढलं, तेच आजचं कॉलेज बोर्ड. त्याची पहिली परीक्षा जून १९०१ मध्ये झाली आणि ९७३ उमेदवार बसले. उत्तरं निबंधवजा, अनेक दिवस चालणारी. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या मॅट्रिकशी याचं नातं वाचकाच्या लक्षात येईल: तीही मुळात विद्यापीठाची प्रवेश परीक्षाच होती, आणि तिने आपल्या हायस्कुलांना असंच वळण लावलं.

दुसरा बदल परीक्षेतून आलाच नाही, तो आला प्राध्यापकांच्या पेन्शनीतून. १९०५-०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशनने कॉलेज-प्राध्यापकांना पेन्शन देऊ केली आणि कॉलेज कशाला म्हणायचं याच्या अटी घातल्या. त्यांपैकी एक अशी, की प्रवेशासाठी किमान १४ युनिट हवीत. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात १२० तास. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी अट मान्य केली, आणि कॉलेज हवं म्हणून शाळांनी वेळापत्रक त्या मापात बसवलं. आजही अमेरिकन मार्कशीटवर इंग्रजी चार, गणित चार, विज्ञान तीन असे जे क्रेडिटचे आकडे दिसतात, ते या हिशेबाचे वंशज. त्यावरून मुलाने किती तास वर्गात काढले ते समजतं, किती शिकलं ते नाही.

२३ जून १९२६ ला कॉलेज बोर्डाची सॅट ही नवी प्रवेश परीक्षा पहिल्यांदा झाली. ८,०४० मुलं बसली. पर्यायी उत्तरांची, नेमलेल्या पुस्तकांशी संबंध नसलेली. १९४२ मध्ये जुन्या निबंधवजा परीक्षा बंद पडल्या आणि प्रेप शाळांची पंचाईत झाली. लॅटिनची पुस्तकं घोटून घेणं हे त्यांचं भांडवल होतं, आणि आता मिसूरीतल्या सरकारी शाळेतला हुशार मुलगा त्याच परीक्षेला त्याच तयारीने बसू शकत होता. या शाळांनी मग वरच्या पातळीचं शिक्षण हे भांडवल केलं. अँडोव्हर, एक्सेटर, लॉरेन्सव्हिल या शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळून अभ्यास केला, आणि शाळेतच कॉलेजच्या पातळीचे विषय घेण्याची ए. पी. (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षा १९५६ पासून कॉलेज बोर्डाकडून होऊ लागली. पुढे ती हजारो सरकारी शाळांत पोहोचली. तेव्हा २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या आठ प्रेप शाळांनी जाहीर केलं, की २०२२ पर्यंत आम्ही ए. पी. म्हणून विषय शिकवणं बंद करू आणि स्वतःचे आखू. शिक्षणशास्त्राची कारणं त्यांनी दिली आणि ती खोटी नाहीत. पण जे सगळ्यांकडे आहे ते विकता येत नाही, हे कारणही दुर्लक्षू नये.

आज शाळेची ओळख कॉलेजपर्यंत पोहोचते ती 'स्कूल प्रोफाइल' नावाच्या दोन-चार पानी कागदातून. विद्यार्थ्याच्या मार्कशीटसोबत तो जातो. वर्गात किती मुलं, सर्वांत कठीण विषय कोणते, गुण कसे दिले जातात, मागच्या तुकड्या कुठे गेल्या, हे त्यात असतं. वर्गातला क्रमांक बहुतेक शाळा देतच नाहीत. साठ-सत्तर मुलांच्या चांगल्या तुकडीत चाळिसावा नंबर छापला, तर मुलाचं नुकसान होईल, हा त्यामागचा साधा विचार. शाळा पाहायला गेलात तर हा कागद मागून घ्या. रंगीत माहितीपुस्तिकेपेक्षा तो जास्त खरं बोलतो.

मालक नाही, मग चालवतं कोण?

या शाळा कायद्याने टिकल्या त्या १९२५ च्या एका निकालामुळे. ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली होती. एक कॅथलिक संस्था आणि हिल मिलिटरी अॅकॅडमी ही खासगी शाळा कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा रद्द केला आणि मूल कुठे शिकावं हे ठरवण्याचा पालकांचा हक्क मान्य केला.

कारभाराची रचना सगळीकडे साधारण सारखी. विश्वस्त मंडळ तीन कामं करतं: प्रमुख नेमणं, अंदाजपत्रक व फी मंजूर करणं आणि निधी सांभाळणं. वर्गात काय चालतं ते प्रमुखाचं क्षेत्र. बिघडतं ते बहुधा इथेच. विश्वस्तांमध्ये सध्याचे पालक बरेच असतात, आणि स्वतःच्या मुलाला संघात घेतलं नाही हा विषय मंडळाच्या बैठकीत यायला लागला की चांगला प्रमुख दोन वर्षांत दुसरीकडे जातो.

फीतून सगळा खर्च भागत नाही. उरलेला भाग दरवर्षीच्या देणग्या आणि कायम निधी यांतून येतो. कायम निधीतून वर्षाला साधारण चार ते पाच टक्के काढायचे, बाकी गुंतवून ठेवायचे. समजा निधी १ कोटी डॉलर आहे. साडेचार टक्के म्हणजे साडेचार लाख; फी ४० हजार असेल तर त्यातून जेमतेम अकरा मुलं पूर्ण शिकवता येतात. टक्केवारी एका वर्षाच्या रकमेवर न काढता तीनेक वर्षांच्या सरासरीवर काढतात, नाहीतर २००८ सारख्या पडझडीत चालू शिष्यवृत्त्याच तोडाव्या लागतील. आणि देणगी ज्या कामासाठी दिली त्याच कामाला लावावी लागते. त्यामुळे नवं कोरं क्रीडासंकुल आणि पगारवाढ न मिळालेले शिक्षक असं दृश्य एकाच आवारात दिसू शकतं. शाळेची आर्थिक तब्येत पाहायची असेल, तर चर्चशी जोडलेल्या नसलेल्या करमुक्त संस्थांना दरवर्षी ९९० क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. तो सार्वजनिक असतो, आणि प्रमुखाचा पगारही त्यात दिसतो.

करमुक्तीनेच आणखी एक दार उघडायला लावलं. १९५४ मध्ये सरकारी शाळांतली वर्णविभागणी बेकायदा ठरल्यावर दक्षिणेत केवळ गोऱ्यांसाठी खासगी शाळांचं पेव फुटलं. १९७० मध्ये करखात्याने भेदभाव करणाऱ्या शाळांची करमुक्ती नाकारायला सुरुवात केली, १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी शाळेलाही वर्णावरून प्रवेश नाकारता येणार नाही असं ठरवलं, आणि १९८३ मध्ये करमुक्तीचा मुद्दाही कायम झाला. मुलगा-मुलगी भेदाला मात्र शालेय प्रवेशापुरती सूट राहिली. गिलमन अजून मुलांची आणि ब्रिन मॉर मुलींची शाळा आहे. शेजारच्या रोलंड पार्क कंट्री स्कूलसह तिघी मिळून वरच्या इयत्तांचे काही वर्ग एकत्र चालवतात.

प्रवेश घ्यायचा तर

मोसम आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात सुरू होतो. आधी शाळेला भेट, मग डिसेंबर-जानेवारीपर्यंत अर्ज, गणित आणि इंग्रजीच्या शिक्षकांची पत्रं, मुलाची मुलाखत. निकाल बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये. परीक्षा लागत असेल तर दोन प्रचलित आहेत, एस. एस. ए. टी. आणि आय. एस. ई. ई. एस. एस. ए. टी. च्या मधल्या आणि वरच्या पातळीत चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे ठोकायचं नाही. आय. एस. ई. ई. मध्ये कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. ही परीक्षा वर्षाच्या तीन हंगामांत प्रत्येकी एकदाच देता येते. निकालात ५५ पर्सेंटाइल दिसल्यावर आपल्या घरात सुतकी शांतता पसरते. पण ही तुलना देशातल्या सगळ्या मुलांशी नसते. याच शाळांसाठी तयारी करून बसलेल्या मुलांशी असते. आय. एस. ई. ई. मध्ये ४० ते ५९ हा पट्टा म्हणजे नऊपैकी पाचवी पायरी, बरोबर मधली.

आर्थिक मदत हवी असेल तर तिचा अर्ज प्रवेश अर्जाबरोबरच करा. प्रवेश मिळाल्यावर मागू म्हणणाऱ्यांसाठी तोवर पैसे वाटून झालेले असतात. न्यूयॉर्कच्या नामवंत शाळांची वार्षिक फी ६० हजार डॉलरच्या वर गेली आहे. बाल्टिमोरसारख्या शहरात ती बरीच कमी आहे.

सगळ्यात नीट वाचायचा कागद म्हणजे प्रवेशाचा करार. अनामत परत मिळत नाही, आणि करारात दिलेली तारीख, बहुधा उन्हाळ्यातली, उलटली की संपूर्ण वर्षाची फी देणं लागता, मूल एक दिवसही शाळेत गेलं नाही तरी. एच-१बी व्हिसावर असलेल्या, नोकरीसाठी कधीही राज्य बदलावं लागेल अशा घरांना हे कलम हमखास भोवतं. बऱ्याच शाळा फी-परताव्याचा विमा देतात. तो घेण्याआधी नोकरी गेल्यामुळे किंवा बदलीमुळे शाळा सोडली तर किती टक्के परत मिळतात, आणि किमान किती दिवस हजेरी लागते, हे लेखी विचारून घ्या.